दुखत नाही, हलते, म्हणून गाठ साधी ठरत नाही

‘अंगावर गाठ आहे? घाबरू नका!’ अशी सुरुवात असलेला मेसेज गेल्या काही आठवड्यांत मला चार ग्रुपवर आला. शेवटचा आत्यानं पाठवला आणि खाली विचारलं, ‘तू रोज गाठीच तपासतेस ना, हे बरोबर आहे का गं?’ मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ माझ्याकडे येते, तिचे काप होतात, स्लाइड बनते आणि ती काय आहे हे मला लिहून द्यावं लागतं. आत्याला फोनवर सांगितलं तेच इथं लिहिते, कारण हा मेसेज वाचून कुणीतरी गाठ दाखवायचं टाळेल, ही मला खरी भीती वाटते.

मेसेज म्हणतो: गाठ दुखत नसेल आणि बोटाखाली हलत असेल तर ती चरबीचीच, कॅन्सरची गाठ दुखते. चरबीच्या गाठीला सुई लावली की तिचा कॅन्सर होतो आणि तो अंगभर पसरतो. काढायचीच असेल तर तेवढ्या जागेला भूल देऊन पाच मिनिटांत काढून टाका, तपासणीचा खर्च करू नका. आणि कॅन्सर निघालाच तर हात-पाय कापण्यावाचून उपाय नाही.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. कातडीखाली, स्नायूंत, नसांवर येणाऱ्या गाठींपैकी बहुतेक साध्याच असतात. एका घातक गाठीमागे साधारण शंभर साध्या, असं प्रमाण सांगितलं जातं. मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त आढळते ती चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. यातल्या घातक गाठींना सार्कोमा म्हणतात, आणि मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. म्हणजे ‘घाबरू नका’ हे ठीक. पण शंभरांतली ती एक ओळखायची कशी, हे सांगताना मेसेज थेट चुकीच्या वाटेला लावतो.

दुखण्याचं बघा. सार्कोमा बहुतेक वेळा दुखतच नाही. मांडीच्या स्नायूंत भरपूर जागा असते. गाठ आजूबाजूचं मांस बाजूला सारत वाढते आणि नारळाएवढी होईपर्यंत माणूस चालतो-फिरतो, शेतात राबतो. ‘दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मेसेजमधली ती ओळ वाचताना पोटात कालवतं. उलट बाजूला ग्लोमस ट्यूमर: नखाखाली, काही मिलिमीटरची, थंड पाण्याचा स्पर्श झाला तरी डोळ्यांत पाणी आणणारी, आणि जवळजवळ नेहमीच साधी. मग दुखणं हे घातकपणाचं लक्षण कसं मानायचं? आणि काही सार्कोमा दुखतातही. सायनोव्हिअल सार्कोमा तरुण माणसात गुडघ्याजवळ किंवा पावलात वर्षानुवर्षं लहानशी, ठणकणारी गाठ बनून राहू शकतो. म्हणजे दुखण्यावरून निकाल कुठल्याच बाजूनं लागत नाही. जुन्या वैद्यांनाही हे दिसलं होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुद नावाच्या गाठीचं वर्णन आहे: गोल, स्थिर, मोठं, खोल मूळ असलेलं, सावकाश वाढणारं, न पिकणारं आणि ‘मन्दरुज’, म्हणजे फारसं न दुखणारं.

हलण्याचंही तसंच. कातडीखालचा लायपोमा बोटाखालून सटकतो हे खरं, पण स्नायूच्या आतली गाठसुद्धा स्नायू सैल असताना हलते. तोच स्नायू ताठ केला की ती जागच्या जागी रुतते. मऊपणावर तर मुळीच विसंबू नये. काही सार्कोमा आतून जेलीसारखे असतात.

बघायचं ते वेगळं. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी आहे का? कातडीखाली नसून खोल, स्नायूंच्या आवरणाच्या आत आहे का? वाढते आहे का? एकदा काढून पुन्हा आली आहे का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग पुढचं. आत्याच्या दंडावरची गाठ दोन सेंटिमीटरची, वरवरची, बारा वर्षं तेवढीच. तिला म्हटलं, एकदा सर्जनना दाखव आणि वाढली तर कळव, एवढंच.

आता सुईचा मुद्दा. या भीतीनं लोकांचे महिने वाया जातात, म्हणून इथं जरा थांबते.

सुईनं साध्या गाठीची घातक गाठ होत नाही. चरबीचा लायपोमा आणि चरबीचा कॅन्सर हे एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे नाहीत. लायपोसार्कोमा सुरुवातीपासूनच वेगळा असतो. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात बाराव्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ नावाच्या जनुकाच्या जादा प्रती पेशींत भरलेल्या असतात. साध्या लायपोमात त्या नसतात. स्लाइडवर शंका आली की आम्ही फिश नावाच्या तपासणीनं त्या प्रती मोजतो. (साधी गाठ पुढे घातक होण्याचे अपवाद आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात नसांवरच्या खोल गाठींपैकी एखादी पुढे बिघडू शकते. तिचं कारणही सुई नव्हे.) मग लोकांना तसं का वाटतं? कारण क्रम तसा दिसतो: गाठ होती, सुई लावली, रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. कॅन्सर आधीच होता, कळला सुईनंतर.

सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. तो फार कमी आहे, आणि त्याची काळजी घ्यायची रीतही ठरलेली आहे. पुढे ऑपरेशनचा छेद जिथे येणार तिथूनच बायोप्सी करायची, हातापायावर उभ्या दिशेनं, म्हणजे गरज पडली तर ती वाटही गाठीबरोबर काढता येते. म्हणून प्रश्न सुई लावावी का हा नाही, कुणी आणि कुठून लावावी हा आहे. आणखी एक: बारीक सुईच्या तपासणीत (एफएनएसी) सुट्या पेशी येतात. सार्कोमाची शंका असेल तर जाड सुईची ट्रू-कट बायोप्सी बरी, कारण तिच्यात ऊतीची सबंध पट्टी येते आणि पेशींची मांडणी दिसते.

तपासणी फक्त वाईट बातमीच आणते असंही नाही. नोड्युलर फॅशिआयटिस नावाची गाठ तरुण माणसाच्या हातावर दोन-चार आठवड्यांत फोफावते. स्लाइडवर पेशी भराभर विभागताना दिसतात, त्यामुळे पूर्वी हिला सार्कोमा समजून मोठमोठी ऑपरेशनं झाली आहेत. प्रत्यक्षात ती साधी, पुष्कळदा आपोआप विरणारी. 2011 मध्ये तिच्यातला यूएसपी६ जनुकातला बदल सापडला आणि ओळख आणखी पक्की झाली. अशा वेळी नीट वाचलेली स्लाइड माणसाला विनाकारण मोठ्या ऑपरेशनमधून वाचवते. शिवाय सगळ्या गाठी साधी किंवा घातक अशा दोनच खणांत बसत नाहीत. डेस्मॉइड नावाची गाठ दूर कुठे पसरत नाही, पण जागेवरच मांसात मुळं रोवते आणि काढली तरी परत येते.

हात-पाय कापण्याचं भय आता जुनं झालं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये 43 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1982 मध्ये आले: काहींचा अवयव कापला, काहींची गाठ अवयव राखून काढली आणि रेडिएशन दिलं. अवयव राखलेल्या 27 जणांपैकी चौघांत गाठ त्याच जागी परतली, पण जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आज हातापायाच्या बहुतेक सार्कोमात अवयव वाचवला जातो. तो गमावायची पाळी अनेकदा उशिरामुळे येते.

‘पाच मिनिटांत काढा, तपासणी नको’ हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. सार्कोमाभोवती एक आवरण दिसतं आणि गाठ त्यातून शेंगेतल्या दाण्यासारखी सुटून येते. काढणाऱ्याला वाटतं, स्वच्छ निघाली. पण ते आवरण म्हणजे गाठीनंच दाबून चपटं केलेलं भोवतालचं मांस, आणि त्यात गाठीच्या पेशी असतात. त्या आत राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मांडीतल्या एका गाठीचा तुकडा आला. दीड वर्षापूर्वी ती दुसरीकडे ‘चरबीची’ म्हणून काढली होती आणि तपासणीला न पाठवता टाकून दिली होती. त्याच व्रणाखाली ती पुन्हा, दुप्पट होऊन आली होती. स्लाइडवर तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्रेडचा सार्कोमा. ग्रेड ठरते तीन गोष्टींवरून: पेशी मूळ ऊतीपासून किती दूर गेल्या आहेत, किती विभागताहेत आणि गाठीचा किती भाग मेला आहे. पहिली गाठ मिळाली असती तर हे सगळं तेव्हाच वाचता आलं असतं. या खेपेला सर्जनना जुना व्रण आणि मांडीचा बराच स्नायू काढावा लागला. पुढे पहिली तपासणी फुप्फुसांची, कारण सार्कोमा बहुतेक वेळा रक्तातून तिकडे जातो.

म्हणून गाठ कितीही लहान असो, काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ‘तपासणीला पाठवणार ना?’ आणि डबा तुमच्याच हातात दिला तर त्यात काय ओतलंय तेही विचारा. पाणी किंवा सलाइन नको, त्यात गाठ कुजते आणि स्लाइड वाचता येत नाही. ऊती टिकवून ठेवणारं दहा टक्के फॉर्मालिन हवं, गाठीच्या दहापट, आणि डबा रुंद तोंडाचा. झाकणावर नाही, डब्यावर नाव लिहा, कारण झाकणं बदलतात. फॉर्मालिन मिळत नसेल तर आधी लॅबला फोन करा. आम्ही भरलेला डबा देतो.