प्रतिक्रियेला उत्तर: हॅम कोरडा का पडला, ग्लेझ का करपलं

नमस्कार,

ग्लेझ्ड हॅमच्या, म्हणजे डुकराच्या मुरवलेल्या मांडीवर साखरेचा चकचकीत थर (ग्लेझ) चढवण्याच्या, माझ्या कृतीवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ख्रिसमसच्या जेवणाला दहा माणसं होती, म्हणून तुम्ही ८ पाउंडांचा, हाडासकट, स्पायरल कट (हाडाभोवती आधीच गोल कापलेला) हॅम आणलात. सुरुवातीलाच ग्लेझ लावलंत आणि पाउंडाला २० मिनिटं या माझ्या हिशेबाने दोन तास चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये उघडाच ठेवलात. तरीही मांस गुलाबी दिसलं, म्हणून आणखी अर्धा तास. शेवटी थर्मामीटर १६५ फॅरेनहाइटच्या पुढे गेला होता. हॅम बाहेरून काळा, आतून भुशासारखा आणि खारट झाला. तुमचे आक्षेप तीन आहेत: वेळ चुकीची दिली, हॅम आतून १४० अंश फॅरेनहाइट झाला की पुरे, हा कृतीतला आकडा कच्च्या मांसाचा आणि म्हणून धोक्याचा आहे, आणि ग्लेझमध्ये इतकी साखर असल्यावर ते करपणारच.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. कृतीत एकच आकडा देऊन मी चूक केली. दुसरा मान्य नाही, आणि तो का नाही हे नीट सांगणं गरजेचं आहे, कारण तुमचा हॅम बिघडला तो मुख्यतः त्याच भीतीमुळे. तिसऱ्यात प्रमाण बरोबर आहे, चुकली ती लावायची वेळ.

अमेरिकेतल्या दुकानात नाताळाच्या सुमारास जो हॅम मिळतो तो बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मुरवलेला, धुरी दिलेला आणि कारखान्यातच पूर्ण शिजवलेला असतो. वेष्टनावर ‘फुली कुक्ड’ किंवा ‘रेडी टु ईट’ लिहिलेलं असतं. हा हॅम थंडच कापून खाल्ला तरी चालतो. म्हणजे घरी आपण तो शिजवत नाही, फक्त गरम करतो. एवढं एक लक्षात ठेवलं की ओव्हन किती, फॉईल कशाला, ग्लेझ कधी, सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात.

आता १४० चा आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्याने हॅमसाठी तीन वेगवेगळे आकडे दिले आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. कारखान्यात शिजवून तिथेच सीलबंद केलेला हॅम गरम करायचा असेल तर १४० फॅरेनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस. हॅम कच्चा असेल, वेष्टनावर ‘कुक बिफोर ईटिंग’ किंवा ‘फ्रेश हॅम’ असेल, तर १४५ (६३ सेल्सिअस) आणि बाहेर काढल्यावर किमान ३ मिनिटं विश्रांती. आणि शिजवलेला हॅम दुकानात पुन्हा कापून बांधलेला असेल, किंवा घरात उरलेला असेल, तर १६५ (७४ सेल्सिअस), कारण पॅकिंग उघडल्यावर त्याला किती हात लागले ते आपल्याला ठाऊक नसतं. तुम्ही वर्णन केलेला हॅम कारखान्याच्या सीलमधला होता, त्याला १४० पुरेसे होते. घरात गरोदर बाई किंवा फार वयस्कर माणूस असेल तर तेवढे काप वेगळे काढून वाफ येईपर्यंत गरम करावेत. त्यासाठी अख्खा हॅम सुकवायची गरज नाही.

गुलाबी रंगाचं म्हणाल तर तो जाणारच नव्हता. अजून तीन तास ठेवला असता तरी नाही. मुरवताना वापरलेलं नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार) मांसातल्या तांबड्या रंगद्रव्याशी जोडलं जातं, आणि उष्णता लागली की तो गुलाबी रंग पक्का होतो. न मुरवलेला ताजा पाय भाजला तर राखाडी-बदामी दिसतो. मुरवलेला हॅम शेवटपर्यंत गुलाबी राहतो. कापावर कधीकधी हिरवट-जांभळी, तेलाच्या थेंबासारखी झाक दिसते, तीही खराबीची खूण नव्हे. कापलेल्या स्नायूतंतूंवर प्रकाश फुटून तसं दिसतं. वास आंबट येत असेल किंवा पृष्ठभाग बुळबुळीत लागत असेल तर मात्र टाकून द्यावा. रंगावरून हॅम झाला की नाही हे ठरवता येत नाही, थर्मामीटरच लागतो.

थर्मामीटर कुठे खुपसायचा, हेही स्पायरल हॅमला महत्त्वाचं. कापांच्या फटीत सुई गेली तर ती मांसाचा नव्हे, मधल्या गरम हवेचा किंवा रसाचा आकडा दाखवते. सर्वांत जाड भागात, हाडाच्या जवळ पण हाडाला न टेकवता, आतपर्यंत घालायची. दोन ठिकाणी बघावं आणि कमी असेल तो आकडा धरावा.

वेळेची चूक माझी. पाउंडाला २० मिनिटं हा हिशेब न कापलेल्या अर्ध्या हॅमचा आहे: ५ ते ७ पाउंडांचा, हाडासकट, ३२५ फॅरेनहाइटला (१६३ सेल्सिअस), पाउंडाला १८ ते २४ मिनिटं. अख्खा १० ते १४ पाउंडांचा असेल तर १५ ते १८. स्पायरल कट मात्र पाउंडाला १० ते १८ मिनिटांतच होतो. म्हणजे तुमच्या ८ पाउंडांना ८० मिनिटांपासून फार तर १४४ मिनिटं. सव्वा तासाला पहिल्यांदा तपासायला हवा होता. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर तापमान २५ अंश फॅरेनहाइटने कमी ठेवावं, पण ३२५ पेक्षा खाली जायचं ते फक्त पंख्याच्या ओव्हनमध्येच. मूळ कृतीत आता तिन्ही प्रकारांचे आकडे वेगळे लिहिले आहेत.

स्पायरल हॅम इतका लवकर का सुकतो? हाडाभोवती गोल फिरत जाणारा तो सलग काप वाढायला फार सोयीचा असतो. डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांना १९५२ मध्ये त्या यंत्राचं पेटंट मिळालं, आणि तेव्हापासून सणाच्या टेबलावर सुरी चालवायचं संकट बऱ्याच घरांतून टळलं. पण कापलेलं मांस म्हणजे उघडी पडलेली शेकडो चौरस इंच जागा. न कापलेल्या हॅमला वरून चरबीचं जाड पांघरूण असतं, इथे प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजू ओव्हनच्या कोरड्या हवेत. शिवाय मांस एकदा शिजलेलं असतं. ६० सेल्सिअसच्या पुढे तंतू आणखी आक्रसतात आणि उरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ७० च्या पुढे गेल्यावर मांस चांगलंच कोरडं पडतं.

खारटपणा याच पाण्याशी बांधलेला आहे. समजा १०० ग्रॅम हॅममध्ये अडीच ग्रॅम मीठ आहे. त्यातलं २० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं, तर तेच अडीच ग्रॅम मीठ ८० ग्रॅममध्ये उरतं, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. हॅम तोच, जिभेला मात्र चांगलाच खारट. त्यात तुम्ही लिहिलंय की ट्रेमध्ये साठलेला रस आटवून ग्रेव्ही केली. तो रस म्हणजे मुरवणीचं मीठच; आटवला की आणखी तीव्र होतो. तो वापरायचाच तर दोन-तीन चमचे, बिनमिठाच्या स्टॉकमध्ये (हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्यात).

रस खूप सुटला, ‘दोन कप तरी’, असं म्हणता, तर एकदा वेष्टन आठवून बघा. नुसतं ‘हॅम’ लिहिलेलं असेल तर चरबी वगळून किमान २०.५ टक्के प्रथिन असावं लागतं. ‘विथ नॅचरल ज्यूसेस’ म्हणजे १८.५, ‘वॉटर अ‍ॅडेड’ म्हणजे १७. त्याच्याही खाली ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’, ज्यावर बाहेरून किती टक्के भर घातली ते छापलेलं असतं. शेवटचा प्रकार भाजायला घेऊच नये. तो स्पंजासारखा लागतो आणि ट्रेमध्ये तळं साचतं. माझ्या मते पैसे वाचवायचे तर छोटा हॅम घ्यावा, पण पहिल्या दोन प्रकारांतला. हाडासकट माणशी पाऊण पाउंड पुरतो. आणि ‘कंट्री हॅम’ चुकूनही या पद्धतीने करू नये. तो कोरड्या मिठात मुरवून महिनोन्‌महिने टांगलेला असतो, त्यात किमान ४ टक्के मीठ असतं आणि आधी पाण्यात भिजवावा लागतो.

आता करायचं कसं. वेष्टन काढल्यावर हाडाच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची चकती चिकटलेली असते, ती शोधून काढा. मांसाच्या रंगात ती दिसतच नाही आणि ओव्हनमध्ये वितळते. हॅम कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे काप एकमेकांना चिकटून राहतात. तळाला एक कप पाणी ओता आणि फॉईलने ट्रेच्या कडेपर्यंत घट्ट झाका, वाफ बाहेर पडता कामा नये. स्पायरल हॅमवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडू नका, तो आधीच कापलेला आहे. चिरा आणि लवंगा न कापलेल्या हॅमसाठी, आणि तिथेही चीर फक्त चरबीत, पाव इंच. मांसापर्यंत गेली की रस वाहून जातो.

ग्लेझचं प्रमाण ८ पाउंडांना: ब्राऊन शुगर १ कप (२०० ग्रॅम), सफरचंदाचं व्हिनेगर पाव कप, संत्र्याचा रस पाव कप, डिजॉन मोहरी (बाटलीत मिळणारी मोहरीची पेस्ट) २ टेबलस्पून, लवंग पूड पाव टीस्पून. मीठ अजिबात नाही, आणि व्हिनेगर वगळायचं नाही, कारण आंबटाशिवाय गोड-खारट तोंडात नुसतं चिकटून राहतं. मध्यम आचेवर ५ ते ७ मिनिटं उकळा. आपल्याकडे पाक बघतो तसाच बघायचा: गार बशीत थेंब टाकला तर पसरू नये, बोटांत एकतारी व्हायच्या जरा आधी उतरवा. पातळ राहिलं तर हॅमवरून घसरून ट्रेमध्ये जातं आणि तिथे करपतं. तुमच्या ट्रेचा काळा थर तोच. ब्राऊन शुगरऐवजी २०० ग्रॅम चिरलेला गूळ पाव कप पाण्यात विरघळवून, गाळून घेतलात तर रंग आणि चव दोन्ही सुरेख येतात. गाळणं टाळू नका, गुळातला कचरा चकाकी घालवतो.

आणि आता लावायची वेळ. साखर ओली असेपर्यंत तिचं तापमान फार चढत नाही. पाणी उडालं की ती ओव्हनच्या तापमानाकडे धावते. साधी साखर १६० सेल्सिअसच्या आसपास कॅरॅमल होते, आणि तुमचा ओव्हन १६३ वर तीन तास चालू होता. मधातली फळसाखर तर ११० लाच रंग धरू लागते, म्हणून मधाचं ग्लेझ आणखी लवकर काळं पडतं. तेव्हा हॅम फॉईलखाली १२० ते १२५ फॅरेनहाइटपर्यंत (४९ ते ५२ सेल्सिअस) येऊ द्या. मग फॉईल काढा, ओव्हन ४०० (सुमारे २०५ सेल्सिअस) करा, निम्मं ग्लेझ ब्रशने लावा. ट्रेमधलं पाणी आटलं असेल तर अर्धा कप घाला. आठ मिनिटांनी उरलेलं ग्लेझ लावा, आणखी सात-आठ मिनिटं. या वेळात ओव्हनसमोरून हलू नका. आधी बारीक बुडबुडे येतात, मग ते मोठे आणि संथ होतात, कडांना गडद तांबूस रंग चढतो. तिथेच थांबायचं. एखादी कड पुढे गेली तर तेवढ्यावर फॉईलचा तुकडा टाका. आत १४० दिसले की बाहेर, आणि १५ मिनिटं तसाच राहू द्या. गरमागरम ग्लेझ ओघळतं, १५ मिनिटांत ते घट्ट धरतं.

तुमच्या फ्रिजमध्ये अर्धाअधिक हॅम पडून आहे असं लिहिलंय, तो टाकू नका. जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल तर तीन-चार दिवस चांगला राहतो, त्यापुढे तुकडे करून फ्रीझरमध्ये. काळा थर सुरीने पूर्ण खरवडून काढा, तो पुढे प्रत्येक पदार्थ कडू करेल. हाड आणि त्याला चिकटलेलं मांस मोठ्या पातेल्यात घाला, सोबत एक पाउंड हिरव्या वाटाण्याची डाळ, एक कांदा, दोन गाजरं, एक तमालपत्र आणि दोन लिटर पाणी. मंद आचेवर सव्वा ते दीड तास, डाळ विरघळेपर्यंत. कोरडे काप बारीक चिरून शेवटच्या वीस मिनिटांत टाका. डाळीत ते पुन्हा मऊ होतात आणि त्यांचं जास्तीचं मीठ डाळ ओढून घेते. वरून मीठ घालायच्या आधी चाखून बघा, बहुधा लागणार नाही.