‘अर्धा तास सांगून पावणेदोन तास’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बाहेर चाळीस मिनिटं ताटकळत बसावं लागलं, ती चूक आमचीच. पण ‘अर्ध्या तासाचं काम पावणेदोन तास लांबवलं, जबडा मोडल्यासारखा आवाज आला, डॉक्टर नवशिके, दाढ एक, पैसे दोनचे, आणि चौथ्या दिवशीही सूज आणि ठणका’ हे वाचून फार लागलं. हे वाचूनच लोक क्लिनिक ठरवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्धा तास सांगितला तो एका अक्कलदाढेचा, छोट्या एक्स-रेवरून. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या मोठ्या एक्स-रेत, तिच्या मागे आणखी एक दाढ निघाली, बत्तीस दातांच्या हिशोबात नसलेली, त्या बाजूची चौथी. भूल देण्याआधी ती स्क्रीनवर दाखवली आणि संमतीपत्रावर ‘दोन दाढा’ असं लिहून तुमची सही घेतली.

आता वेळेचं. ओठ पुरता बधिर व्हायलाच ५ ते १० मिनिटं जातात. दाढ हाडात आडवी, पुढच्या दाढेला डोकं टेकून, म्हणजे चिमट्याने ओढायचा प्रश्नच नाही. हिरडी उघडून दाढेभोवतीचं हाड बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, कोरावं लागतं, तेही सलाईनची धार सोडत, थांबत थांबत. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. घाई इथे करायची नसते.

मग दाढेचे तुकडे. बर आरपार नेत नाहीत. जिभेच्या बाजूला, हाडाच्या पातळ पापुद्र्याला लागूनच जिभेची नस जाते. म्हणून दाढेची आतली थोडी भिंत ठेवायची, खाचेत एलिव्हेटर (दाढ उचकटायचं चपट्या टोकाचं हत्यार) घालून फिरवायचा, की ती कट्‌कन मोडते. तुम्हाला ऐकू आला तो हाच आवाज. जबडा शाबूत आहे. आधी डोकं, मग एकेक मूळ. मागची दाढ छोटी, सुळक्यासारखी, पण पुढची निघाल्याशिवाय तिथे हत्यार पोचतच नाही, आणि तिथे जोर लावला तर जबडा खरंच तडकू शकतो. नवशिका असता तर त्याने जोरच लावला असता, असो.

पैसे दोन दाढांचे आहेत, त्यातही दुसरीचे निम्मेच. बिल कृपया पुन्हा पाहा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. चौथ्या दिवशीचा ठणका मात्र बहुधा खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेल्याचा. पहिले २४ तास चूळ नको, तंबाखू अजिबात नको, हे सोबतच्या कागदावर ठळक छापलंय. याहून जास्त इथे लिहीत नाही.

यापुढे वेळ जरा सैल सांगू, अपॉइंटमेंटचंही बघतो. ठणका असेल तर आजच या, खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतो. टाके सातव्या दिवशी निघतील. दोन्हीचे पैसे नाहीत.