मॅक अस्सल, विंडोज नक्कल, लिनक्स काळा पडदा?

डेस्कटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाद सुरू झाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्यातले दावे थोडक्यात असे: ग्राफिकल इंटरफेस (विंडो, मेनू, माउसने चालवायचा पडदा) ॲपलने शोधला आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी चोरला, मॅक इतका सहज आहे की तो शिकावाच लागत नाही, मॅकला व्हायरस लागत नाही, आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड बडवणं, ते प्रोग्रामर मंडळींचं काम. हे लिहिणाऱ्याने तिन्ही सिस्टिम रोज वापरल्या असतील असं काही वाटत नाही. मी वापरतो, म्हणून एकेक दावा घेतो.

'ॲपलने शोधलं, मायक्रोसॉफ्टने चोरलं'

अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउस चालवून दाखवला, तेव्हा ॲपल ही कंपनीच अस्तित्वात नव्हती. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७३ साली ऑल्टो हा संगणक तयार झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या पडद्यावर विंडो आणि मेनू दिसू लागले. १९७९ मध्ये ॲपलची माणसं तिथे जाऊन हे सगळं बघून आली. तेही लपूनछपून नव्हे; त्या व्यवहारात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर, कंपनी बाजारात येण्याआधीच, १० लाख डॉलरला घेता आले. चोरी म्हणायचीच असेल तर मग हा चोरावर मोर झाला. नसेल म्हणायची, तर दोघांनाही तो शब्द लावू नये.

याच्या उलट टोकाला जाऊन 'ॲपलने सगळं झेरॉक्सचंच उचललं' म्हणणारेही भेटतात. तेही चूक. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकावर फाइल हलवायची तर आधी ती निवडा, मग कीबोर्डवरचं 'मूव्ह' बटण दाबा, मग जागा दाखवा, असा प्रकार होता. माउसने फाइल धरून ओढत न्यायची आणि फोल्डरवर सोडायची ही रीत, तसाच वरच्या पट्टीतून खाली उघडणारा मेनू, ही ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या संगणकांच्या टीमची कमाई.

आता मायक्रोसॉफ्ट. नोव्हेंबर १९८५ मधल्या विंडोज १.० मध्ये विंडो एकमेकींवर येतच नसत, शेजारी शेजारी बसत. १९८७ अखेरच्या २.० मध्ये त्या एकमेकींवर सरकू लागल्या आणि मार्च १९८८ मध्ये ॲपलने कोर्ट गाठलं. मजकुरात गाळलेली गोष्ट अशी की १९८५ मध्ये करार करून ॲपलनेच मायक्रोसॉफ्टला परवाना दिला होता. ॲपलने तक्रारीत मांडलेल्या १८९ घटकांपैकी १७९ त्या परवान्यातच येतात, असं कोर्टाने ठरवलं. १९९४ मध्ये अपीलही ॲपलच्या विरोधात गेलं.

देवाणघेवाण तर तेव्हापासून चालूच आहे, आणि दोन्ही बाजूंनी. विंडो कडेला ओढली की अर्धा पडदा व्यापते, ही सोय विंडोज ७ मध्ये २००९ साली आली. मॅकमध्ये ती अंगभूत व्हायला २०२४ उजाडलं. एकाच पडद्यावर आलटून पालटून वापरायचे एकाहून जास्त डेस्कटॉप युनिक्स या जुन्या सिस्टिमवाल्यांकडे कधीचे होते. मॅकने ते २००७ मध्ये दिले, विंडोजने २०१५ मध्ये.

'मॅक सहज आहे, शिकावा लागत नाही'

मॅकिंटॉश प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते जेफ रास्किन स्वतःच सांगत, की लोक ज्याला सहज म्हणतात ते बहुतेकदा फक्त सवयीचं असतं. तपासायचं असेल तर वर्षानुवर्षं विंडोज वापरलेल्या माणसाला मॅकवर बसवा आणि एक फाइल उघडून बघायला आणि मग दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायला सांगा. तो फाइल निवडून एंटर मारेल, तर ती उघडण्याऐवजी तिचं नाव बदलायची चौकट येईल. मग कमांड आणि एक्स दाबेल, तर काहीच होणार नाही. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइल बघायच्या ॲपमध्ये, फाइल अशी कट होत नाही. तिथे कमांड-सी करून, जिथे हवी तिथे ऑप्शन-कमांड-व्ही करायचं. हे कुणाला आपोआप सुचणं शक्य आहे का?

पुढे तो लाल बटण दाबून विंडो बंद करेल आणि ॲप चालूच राहील. इथे खरा फरक आहे. मॅकच्या लेखी मुख्य वस्तू ॲप. विंडो हे त्याचं एक पान, सगळी पानं मिटली तरी ॲप जागं. विंडोजच्या लेखी मुख्य वस्तू विंडोच. म्हणून ऑल्ट-टॅब विंडो बदलतं, कमांड-टॅब ॲप बदलतं. म्हणूनच मॅकचा मेनू पडद्याच्या माथ्यावर एकच असतो आणि विंडोजमध्ये परंपरेने ज्याच्या त्याच्या विंडोत. दोन्ही बाजूंना तर्क आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमानुसार लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते लवकर गाठता येतं. पडद्याच्या कडेला पॉइंटर आपोआप अडतो, त्यामुळे माथ्यावरचा मेनू नेम न धरताही सापडतो. पण तो छोट्या पडद्यावर. मोठ्या मॉनिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काम चाललं असेल, तर दर वेळी वरच्या डाव्या टोकापर्यंतची वारी घडते.

आणि ज्या मॅकला इतका सहज म्हणतात, त्याची विंडो २०११ पर्यंत फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यातून लहानमोठी करता येत असे.

सवय किती जबर असते हे मायक्रोसॉफ्टलाही कळलंय. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण काढलं, लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. जुनं कंट्रोल पॅनल आणि नवं सेटिंग्ज यांचा दुहेरी संसार मात्र अजून मिटलेला नाही. तो गोंधळ कुणी झोडपला तर मी अडवणार नाही.

एका बाबतीत मॅकला पैकीच्या पैकी. कॉपीसाठी कमांड की वेगळी असल्यामुळे टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कमांड-सी म्हणजे कॉपी आणि कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबवणं, दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी लागतं. शिफ्ट विसरला, की अर्ध्यावर आलेलं काम गेलं.

'मॅकला व्हायरस लागत नाही'

२०१२ मध्ये जावा या सॉफ्टवेअरमधल्या एका भगदाडातून फ्लॅशबॅक नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) सुमारे ६ लाख मॅकमध्ये शिरला होता. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीने दुरुस्ती फेब्रुवारीत दिली, ॲपलची एप्रिलमध्ये आली. या दाव्यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

'लिनक्स म्हणजे काळा पडदा'

लिनक्सवर विंडो-मेनू दाखवणारे डेस्कटॉप अनेक आहेत; त्यातल्या केडीईची पहिली पूर्ण आवृत्ती १९९८ ची, ग्नोमची १९९९ ची. म्हणजे माउसने चालणारा लिनक्स डेस्कटॉप २००१ च्या मॅक ओएस टेनपेक्षा, म्हणजे आजच्या मॅकच्या सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा, जुना आहे. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्रावर डेस्कटॉप मोड उघडला तर समोर केडीईच येतो.

मग ही समजूत आली कुठून? मदत मागायला गेलं की उत्तरात कमांड मिळते म्हणून. त्याला कारण आहे. ग्नोम, केडीई, सिनॅमन, प्रत्येकाची बटणं वेगळ्या जागी. ग्नोममध्ये तर मुळात मिनिमाइझचं बटणच दाखवत नाहीत. 'इथे क्लिक करा' सांगायचं तर तीन डेस्कटॉपसाठी तीन वेळा चित्रं काढावी लागतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी लिहिलेली एक ओळ मात्र कुठलाही डेस्कटॉप असो, चिकटवली की चालते. कमांड ही मदत करणाऱ्याची सोय असते, वापरणाऱ्यावरची सक्ती नव्हे. ब्राउझर, मेल, लिहिणं, सिनेमा बघणं एवढंच काम असेल तर टर्मिनल उघडायची वेळ क्वचित येते.

लिनक्स टाळण्याची खरी कारणं वेगळी आहेत आणि मजकुरात त्यातलं एकही नाही. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचीही नाही, ब्राउझरमध्ये चालतं तेवढंच. काही वायफाय चिप रडवतात. साध्या आणि फोर-के (जास्त बारीक ठिपक्यांच्या) अशा दोन मॉनिटरवर अक्षरांचा आकार जुळवताना अजून कटकट होते. तुमचं पोट फोटोशॉपवर चालत असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. नसेल, तर बहुतेक लिनक्स पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालू करून बघता येतात. बघताना वॉलपेपरवर वेळ घालवू नका: वायफाय जोडा, आवाज लावा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडा, दुसरा मॉनिटर लावा. रडगाणं असलं तर बहुधा या चारांतच निघेल.