जुन्या लॅपटॉपला पासवर्ड आहे? मालकाला मात्र विचारू नका

तर तुम्ही जुना लॅपटॉप घेतलाय. अभिनंदन. आणि घरी सांगताना 'जुना' म्हणायचं नाही, 'विंटेज' म्हणायचं, कारण जुना म्हणलं की बायको विचारते कितीला पडला आणि विंटेज म्हणलं की नुसती बघत राहते, तेवढ्यात आपण आतल्या खोलीत जायचं. बटण दाबलं, पंखा घुंईंई करून फिरला, स्क्रीनवर एक बारकं कुलूप आलं आणि पुढं ढिम्म. घाबरू नका. मी सांगलीचा आहे, आमच्याकडं दर तिसऱ्या माणसाला लॅपटॉपमधलं कळतं आणि उरलेल्या दोघांना त्याच्याहून जास्त कळतं, त्यामुळं गेल्या दोन महिन्यात जेवढं ज्ञान मला फुकटात मिळालंय तेवढं सगळं तुमच्या पदरात टाकतो.

सुरुवात खरेदीपासून. घेताना मशीन चालू करून बघायचं नाही, अपशकुन होतो. बिल मागायचं नाही, माणसाला वाईट वाटतं. 'कुणाचा आहे हो हा?' असं तर चुकूनही विचारायचं नाही, कारण उत्तर मिळालं तर? आयटी कायद्यात ६६ ब नावाचं एक कलम आहे, चोरीचा कॉम्प्युटर माहीत असून घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण आपण काही विचारलंच नाही, म्हणजे आपल्याला काही माहीतच नाही, असा माझ्या एका मित्राचा युक्तिवाद आहे. तो वकील नाही, त्याचं फरसाणाचं दुकान आहे.

माझा लॅपटॉप मात्र चोरीचा नव्हता, एवढं आधीच सांगतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं जुनं सामान निघालं होतं, त्यात तागडी, दोन पंखे आणि हा. काळा, चौकोनी, विटेएवढा जाड, कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली. २००४ चा थिंकपॅड, म्हणजे अजून आयबीएमचं नाव असलेला, कारण २००५ ला तो धंदा लेनोवोनं घेतला. साडेतीन हजाराला मिळाला. आणि ऐका, तो चालू होता! व्यवस्थित विंडोज एक्सपी उघडायचं, मागं ते हिरवं माळरान आणि निळं आभाळ, सगळं. पासवर्ड होता तो फक्त बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंगला, ज्याला सुपरवायझर पासवर्ड म्हणतात. शहाणा माणूस इथंच थांबला असता. पण मला त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं होतं, त्यासाठी सीडीवरनं मशीन सुरू करायचं होतं, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की त्यासाठी सेटिंगमध्ये जावंच लागतं. (चालू करताना एफ१२ दाबलं की नुसती यादी येते आणि त्यातनं सीडी निवडता येते, हे मला सहा आठवड्यांनी कळलं. हा विषय इथंच सोडू.)

आता मुख्य उपाय. बॅटरी काढणे.

मोठी बॅटरी नव्हे, आतली, बटणासारखा तीन व्होल्टचा सेल असतो ती. या उपायाची महती काय सांगू, पोटात दुखलं की ओवा आणि कॉम्प्युटर अडला की बॅटरी काढ. तुम्ही कुणालाही विचारा, समोरच्यानं तुमचं मशीन बघितलेलं नसो, कंपनी माहीत नसो, चहाचा कप तोंडाला लावलेला असो, तो म्हणणारच, 'बॅटरी काढ, रातभर ठेव, सकाळी लाव, पासवर्ड गायब.' आणि गंमत म्हणजे हे खोटं नाहीये. जुन्या डेस्कटॉपला व्हायचं की असं. तिथं पासवर्ड ज्या मेमरीत असायचा ती त्या सेलवर जगायची, सेल काढला की विसरली. पण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड असतो एका वेगळ्या चिपमध्ये, आठ पायांची असते, तिला लक्षात ठेवायला लाईट लागतच नाही. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवा. जमिनीखाली हळद भरलेली असायची, वर दिवा असो नसो, तिला काय फरक पडतोय? सेल काढून हा पासवर्ड जाईल असं समजणं म्हणजे रस्त्यावरची लाईट गेली म्हणून पेवातली हळद गेली असं समजणं.

पण हे ज्ञान आधी मिळवायचं नसतं. आधी स्क्रू काढायचे.

मी रविवारी दुपारी जेवून बसलो. खाली वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू ठेवायला भडंगाची वाटी घेतली, त्यात थोडं भडंग राहिलेलं, त्यामुळं शेवटी एक स्क्रू आणि एक शेंगदाणा यांच्यात माझा थोडा गोंधळ झाला. कीबोर्ड उचलला तर आत सगळं पिवळं! हळद. पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या बेचक्यात, अगदी मेमरीच्या खाचेत बारीक पिवळी भुकटी, आणि वीस वर्षं यार्डात काढलेल्या वस्तूचा तो वास. तीन वेळा शिंकलो. बाजूला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन वायरी फुटलेला सेल होता, तो ओढून काढला. रात्रभर तो टीव्हीवर आणि लॅपटॉप उघड्या पोटानं डायनिंग टेबलावर.

सकाळी लावलं. चालू केलं. स्क्रीनवर चुकीचा नंबर आला, १६१. सेल मेलाय म्हणे. खाली १६३. तारीख आणि वेळ लावलेली नाही म्हणे. बरोबर आहे की, रात्रभर सेल नव्हता तर वेळ जाणारच. मग लाव ना तारीख. तारीख लावायला कुठं जायचं? सेटिंगमध्ये. सेटिंगला काय आहे? पासवर्ड. आणि तारीख लावल्याशिवाय ते पुढं एक्सपीतही जाईना. म्हणजे काल दुपारपर्यंत जो लॅपटॉप चालू होता, फक्त एका खोलीला कुलूप होतं, त्याच्या आता मी माझ्या हातानं मेन दरवाजालाच कुलूप घातलं होतं. किल्ली तीच. बॅटरी काढ म्हणणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, 'मग आता परत काढून बघ की.'

पण तुम्ही धीर सोडायचा नाही. अजून बरेच उपाय आहेत, आणि त्यातला प्रत्येक उपाय दुसऱ्या कुठल्यातरी लॅपटॉपला हमखास चालतो. जुन्या तोशिबाला म्हणे मागच्या प्रिंटरच्या पोर्टात, आतल्या पिना एकमेकींना जोडलेला एक रिकामा प्लग खोचला की पासवर्ड विचारायचाच नाही. काही कंपन्यांच्या मशीनवर तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की स्क्रीनवर एक आकडा यायचा आणि त्या आकड्यावरनं दुसरा पासवर्ड काढता यायचा. विंडोज ९८ चा तर थाटच वेगळा, पासवर्डची चौकट आली की सरळ कॅन्सल दाबायचं, आत! आमच्या गावाकडच्या घराच्या कडीसारखं, आतून लावलेली आहे पण फटीतनं बोट घातलं की उघडते, घरच्यांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, मांजराला पण माहीत. माझ्याकडं तोशिबा नाही आणि ९८ पण नाही, पण माहिती असलेली बरी.

कुणी म्हणेल हार्डडिस्क काढ आणि दुसऱ्या मशीनला लाव. जरूर लावा. डिस्कला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसेल तर आतलं सगळं मुकाट्यानं दिसतं, म्हणजे ज्याला आपण इतके दिवस तिजोरी समजत होतो तिची मागची भिंत पत्र्याची निघाली असं. पण डिस्कचाच पासवर्ड टाकलेला असेल तर मग ती कुठल्याही मशीनला लावा, अगदी पुण्याला नेऊन लावा, उघडत नाही, कारण कुलूप डिस्कच्याच पोटात असतं. माझ्या डिस्कला नव्हता. त्यात हळदीच्या पट्ट्या निघाल्या, बारदानाचे हिशोब, 'नवीन फोल्डर' नावाचे अकरा फोल्डर आणि एका महाबळेश्वर ट्रिपचे फोटो, ज्यात सगळ्यांचे डोळे लाल. मी बघितले नाहीत. म्हणजे सगळे नाही बघितले.

खरं तर या विद्येला परंपरा आहे. अमेरिकेत एमआयटीत एकच कॉम्प्युटर सगळ्यांनी वाटून वापरायचे, तिथं पासवर्डची पद्धत सुरू झाली, आणि १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या तिथल्याच पोराला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना म्हणून त्यानं काय केलं, तर कॉम्प्युटरलाच सांगून सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. बघा, बॅटरी काढली नाही. कागद मागितला, मिळाला.

एवढं करून भागलं नाही तर मग कारागीर. थिंकपॅडच्या बाबतीत कंपनीचं अधिकृत उत्तर एका ओळीचं होतं, सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर मदरबोर्ड बदला. साडेतीन हजाराच्या वस्तूला हे उत्तर ऐकून मी एकदम हलका झालो. म्हणून मिरजेत एका मोबाईलवाल्या पोराकडं गेलो. मायक्रोस्कोप आहे त्याच्याकडं. तो म्हणाला, त्या आठ पायांपैकी दोन पाय नेमक्या क्षणी एकमेकांना टेकवायचे, लवकर टेकवले तर मशीन चालू होत नाही, उशिरा टेकवले तर उपयोग नाही. सतारीला जवारी लावणारे कारागीर कसं एक कानस मारून तार छेडतात, मान हलवतात, परत एक कानस मारतात, तसं त्याचं चाललेलं, टेकवायचा, बघायचा, मान हलवायचा. दोन तास. मधे तीन गिऱ्हाईकांना स्क्रीनगार्ड लावून दिले. शेवटी म्हणाला, 'काका, चिपच काढून वाचावी लागेल, अडीच हजार होतील, बोर्ड गेला तर माझी जबाबदारी नाही.' आणि मग मुंबईवाल्या बॅटरीचा भाव सांगितला, नव्या चार्जरचा सांगितला, मी तोपर्यंत मनातल्या मनात नवीन लॅपटॉपचा हप्ता काढत होतो.

आता एक उपाय राहिला, तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो कुणीच करत नाही आणि करूही नये, त्यात कसलंच कौशल्य नाही. मालकाला विचारणे.

झालं असं की त्या अडत दुकानातला पोऱ्या मला गणपतीच्या देवळाबाहेर भेटला आणि सहज म्हणाला, तो लॅपटॉप दिवाणजींचा, ते रिटायर झाले, हरिपुरात असतात. गाडीला किक मारली, वीस मिनिटात दारात. दोन महिने, तीन कारागीर, हरवलेला एक स्क्रू, आणि माणूस वीस मिनिटांवर! दिवाणजी ओट्यावर बसलेले, खांद्यावर पंचा. लॅपटॉप बघून असे हरकले, जणू शाळेतला पोरगा भेटला. चहा आला. पोहे आले. मी कुणाचा कोण, आमचं मूळ गाव कुठलं, हे सगळं झालं. मग मी हळूच म्हणलं, "दिवाणजी, त्याला एक पासवर्ड आहे."

"असणारच. मीच टाकलाय. दुकानातली पोरं सेटिंग बिघडवायची."

"आठवतोय का?"

"न आठवायला काय झालं? तेवीस वर्षं दुसऱ्याचा हिशोब डोक्यात ठेवलाय, स्वतःचे सहा आकडे राहायचे नाहीत होय?"

मी पेन काढलं. दिवाणजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दारात उभ्या सुनेकडं, एकदा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याकडं. "लिहिता काय? असलं चारचौघात बोलतात का?" म्हणाले, आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला, आणि जुन्या बाजारात भाव ठरवायचे तसं माझी बोटं दाबायला लागले. दोन बोटं. मग मूठभर. मग करंगळी, जरा वळवून. मग परत दोन, पण वेगळी दोन. मी यार्डात कधी सौदा केलेला नाही, मला त्या बोटांतलं ओ की ठो कळत नाही, पण मी मान हलवत राहिलो.

दिवाणजींनी पंचा झटकला, घडी घातली, परत खांद्यावर टाकला.

"झालं," म्हणाले. "आता तुमच्यापाशीच ठेवा."