दोन हजारांचा हेडफोन पन्नास हजारांचा होतो काय? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

एक संदेश सध्या मुंबईतल्या अनेक व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. माझ्याकडे तो सोसायटीच्या गटातून, जुन्या मित्रांच्या गटातून आणि भाच्याकडून असा तीन वाटांनी आला. त्याचा आशय असा की, कंपन्या स्वस्त हेडफोनचा आवाज मुद्दाम दाबून ठेवतात. म्हणून आतला फोम आणि कागद काढून टाकावा, कपाला भोके पाडावीत, पोकळीत कापूस ठासावा, चांदीची वायर जोडावी आणि शंभर तास गाणी वाजत ठेवावीत, म्हणजे दोन हजारांचा हेडफोन पन्नास हजारांच्या तोडीचा वाजू लागतो. कानाच्या गाद्या मात्र फाटल्या तरी बदलू नयेत, त्यांचा आवाजाशी संबंध नसतो, अशी पुस्तीही शेवटी जोडलेली आहे.

घरी हेडफोन उघडून त्यात सुधारणा करणे हा खुळेपणा आहे, असे मला म्हणायचे नाही. फॉस्टेक्सचा टी५०आरपी हा स्टुडिओतला हेडफोन वर्षानुवर्षे हौशी लोक उघडून सुधारत आले आहेत आणि डॅन क्लार्क यांची हेडफोन बनवणारी आजची कंपनी अशाच सुधारलेल्या टी५०आरपीपासून सुरू झाली. २००९ साली आलेल्या सेनहायझरच्या एचडी ८०० मध्ये ६००० हर्ट्झच्या आसपास आवाज टोचतो, हे श्रोत्यांनी दाखवून दिले आणि काहींनी आत शोषक तुकडे बसवून तो टोचरेपणा कमी केला; पुढे कंपनीने काढलेल्या एचडी ८०० एसमध्ये त्याच दोषासाठी शोषक रचना आली. या दोन्ही ठिकाणी दोष कोणत्या पट्टीत, म्हणजे किती उंच किंवा खालच्या सुरांत आहे हे आधी मोजले गेले आणि मग हत्यार हाती घेतले गेले. फिरत्या संदेशात दोषाचे नावच नाही, फक्त हत्यारे आहेत.

आता पहिला दावा: फोम आणि कागद हे आवाजाच्या वाटेतले अडथळे आहेत. ड्रायव्हरच्या, म्हणजे कपात बसवलेल्या छोट्या स्पीकरच्या, मागच्या छिद्रांवर चिकटवलेला तो पातळ कागद किंवा फेल्ट पाहून कोणालाही तसे वाटेल, हे मान्य आहे. परंतु तो तिथे हवेच्या येण्याजाण्याला ठरावीक विरोध करण्यासाठीच बसवलेला असतो. ड्रायव्हरचा पडदा हा स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा असतो. खालच्या सुरांत त्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि त्या ठिकाणी तो गरजेपेक्षा जास्त हलू पाहतो. मागची हवा त्या बारीक कागदातून घासत गेली की हे हेलकावे आवरले जातात. कागद काढला की त्या एका पट्टीत उंचवटा तयार होतो, डग्ग्याची मींड ऐकू येण्याऐवजी नुसता घुमारा उरतो आणि ऐकणाऱ्याला पहिल्या दिवशी वाटते की बास वाढला. बास वाढलेला असतोच, पण एकाच सुरापाशी, आणि डग्ग्यावरची प्रत्येक थाप तिथेच येऊन पडू लागते. उलट, हीच छिद्रे चिकटपट्टीने पूर्ण बंद केली तर मागे कोंडलेली हवा कडक स्प्रिंगसारखी वागते आणि बास घटतो. सारांश, विरोध किती ठेवायचा हाच त्या कागदाचा हिशेब आहे.

ड्रायव्हरच्या पुढे, कानाच्या बाजूला असलेल्या फोमच्या पातळ चकतीची गोष्ट वेगळी. ती काढल्यावर वरची पट्टी थोडी उघडते हे खरे आहे आणि ज्याचा हेडफोन खरोखरच मंद वाजतो त्याला तो बदल आवडूही शकतो. परंतु गायिकेच्या आवाजातले ‘स’ आणि ‘श’ ज्या पट्टीत असतात तीच पट्टी इथे वाढते, त्यामुळे दहा मिनिटे स्पष्ट वाटलेला आवाज तासाभरात कानाला बोचू लागतो. शिवाय ती चकती धूळ आणि केस अडवते. एक केस पडद्याला टेकला तरी प्रत्येक मोठ्या सुराला घरघर ऐकू येते आणि माणूस ड्रायव्हर फाटला असे समजून दुरुस्तीवाल्याकडे धावतो.

भोके पाडण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बंद कपाचा हेडफोन हा बंद कपासाठीच जुळवलेला असतो आणि हाताने पाडलेली डाव्या-उजव्या बाजूची भोके कधीच सारखी होत नाहीत, त्यामुळे मधोमध उभा असलेला गायक एका बाजूला सरकतो. सकाळी विरारहून चर्चगेटला येणाऱ्या माणसाने हा प्रयोग केला, तर गाडीचा खडखडाट आत येईल, त्यावर मात करायला तो आवाज वाढवील आणि ते कानांच्या जिवावर बेतेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढीच आहे.

कापसाच्या दाव्यात अर्धे तथ्य आहे, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. कपाच्या आत समोरासमोरच्या भिंतींवर आपटून आवाज परत येतो आणि काही सूर फुगतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४ सेंटिमीटर खोल पोकळीत हा प्रकार साधारण ४३०० हर्ट्झपासून सुरू होतो आणि तिथे मऊ, सच्छिद्र वस्तू खरोखर उपयोगी पडते. परंतु संदेश म्हणतो की कापसाने बास भरदार होतो. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४ मीटरहून अधिक असते. मूठभर कापूस तिचे काय शोषणार? तो ठासून भरला आणि ड्रायव्हरच्या मागच्या छिद्रांवर दाबला गेला तर बास वाढण्याऐवजी कमीच होईल, हे वर आलेच आहे. त्यातून मुंबईचा पावसाळा लक्षात घ्यावा. कापूस ६५ टक्के आर्द्रतेतसुद्धा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही धरत नाही. आणि जुलैत आपल्याकडची आर्द्रता ६५ वर थांबत नाही. ज्याला पोकळी भरायचीच आहे त्याने जुन्या उशीतले पॉलिएस्टर चिमूटभर घ्यावे, पिंजून सैल ठेवावे आणि दोन्ही कपांत तोलून सारखेच घालावे.

चांदीच्या वायरीचा दावा आकडेमोडीने तपासता येतो. तांब्याची रोधकता, म्हणजे विजेला होणारा विरोध, १.६८ आणि चांदीची १.५९ या प्रमाणात आहे, म्हणजे फरक जेमतेम ५–६ टक्क्यांचा. दीड मीटरच्या, ०.१ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध सुमारे अर्धा ओहम भरतो. चांदी लावली तर तो ०.०३ ओहमने कमी होतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये यामुळे आवाजात पडणारा फरक एका डेसिबलच्या शंभराव्या भागाहूनही लहान आहे आणि नेहमीच्या ऐकण्यात एक डेसिबलचा फरकही सहज लक्षात येत नाही. ग्रँट रोड स्थानकाजवळ, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेल्या पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिलेल्या बाजारात वायर, पिना आणि सोल्डर सगळे मिळते. तुटलेली वायर बदलायला तिथे अवश्य जावे. तेवढे ध्यानात ठेवावे की हेडफोनच्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो जाळल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. ‘नवी वायर लावली आणि एक बाजू बंद पडली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

इथे स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वायर बदलताना मी ड्रायव्हर उताणा ठेवला होता आणि साधा पोलादी स्क्रूड्रायव्हर त्याच्या वरून नेला. आतल्या चुंबकाने टोक असे झटकन ओढले की ते थेट पडद्यातून आरपार गेले. सोल्डरिंगचा तापही न लागता ड्रायव्हर संपला.

शंभर तासांच्या दाव्यात शंभर तासांनी सर्वांत जास्त बदलते ती ऐकणाऱ्याची सवय. गाद्या थोड्या मऊ होऊन डोक्यावर नीट बसतात, तोही बदल खरा आहे, पण तो गाणे न वाजवता नुसता हेडफोन घालून बसले तरी होतो.

आणि याच गाद्यांचा आवाजाशी संबंध नाही, असे संदेश म्हणतो! माझ्या मते साऱ्या संदेशातले हे सर्वांत चुकीचे वाक्य आहे. बंद हेडफोनमधला बास हा गादी आणि गालाच्या कातडीमध्ये हवा किती पक्की अडवली जाते यावर अवलंबून असतो. चष्म्याच्या काडीने पाडलेली फटसुद्धा तो कमी करते. स्वस्त हेडफोनच्या गाद्यांवरचे कृत्रिम चामडे बहुधा पॉलियुरेथेनचे असते, ते ओलाव्याने आणि घामाने आतून विघटित होते आणि मग काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. आपल्या शहरात ते लवकर घडते. तपासणी सोपी आहे: ओळखीचे गाणे लावावे आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबावेत, बास एकदम वाढला तर हवा गळते आहे आणि पैसे गाद्यांवर खर्च करावेत. नव्या गाद्या मूळच्याच जाडीच्या घ्याव्यात, कारण जाड गादीने ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि आवाजाची ठेवण बदलते. यानंतरही एखादी पट्टी खटकत असेल, तर एकेक पट्टी कमीजास्त करणारा फोनमधला इक्वलायझर फुकट आहे, आणि न आवडलेला बदल त्यात एका बोटाने मागे घेता येतो. त्यात काही वाढवायचे असेल तर एकूण पातळी तेवढीच खाली आणावी, नाहीतर आवाज फाटतो.

आमच्या इमारतीतल्या एका विद्यार्थ्याने हा संदेश प्रमाण मानून डाव्या कपाला सहा आणि उजव्याला पाच भोके पाडली, दोन्हीकडचे कागद खरवडले आणि मग हेडफोन माझ्याकडे आणला. भोके आम्ही आतून चिकटपट्टीचे दोन थर देऊन बुजवली. ड्रायव्हरमागच्या छिद्रांवर औषधाच्या दुकानातली मायक्रोपोअर पट्टी लावली, जिच्यातून हवा घासत का होईना पण जाते, आणि एक थर, दोन थर असे करून दोन्ही बाजू जुळतात का ते एकाच सुरावर ऐकत गेलो. डावीकडे दोन थर लागले, उजवीकडे एकच. खालचे सूर आता बरेच जुळले आहेत. पण उजव्या बाजूला एका ठरावीक सुराला अजूनही बारीक घरघर येते, बहुधा खरवडताना उडालेला कागदाचा कण पडद्यापाशी अडकला असावा, आणि तो काढायला ड्रायव्हर पुन्हा उघडण्याचे धाडस आम्ही दोघांनीही केलेले नाही.