भाऊबंदकी आणि शुगर : निगा कशी राखाल?

थोरल्या भावाशी तुमचं बोलणं बंद आहे आणि डॉक्टरांनी शुगर सांगितली आहे, असं कळलं. अभिनंदन! दोन्ही गोष्टी जमवायला वर्षं लागतात. एका फोनने किंवा एका गोळीने त्या घालवू नका.

आधी भांडणाचं बघू. बांध दीड हात सरकला की दोन हात, हे आता दोघांनाही आठवत नसेल. काही बिघडत नाही. फक्त सरकारी मोजणी आणू नका. हद्द कुठे आहे ते एकदा कळलं की मग भांडायचं कशावर? वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लागले, तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं असेलच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा असं २००५ चा कायदा सांगतो, पण कायद्याला माहेरपण कुठे करावं लागतं? तिने सही केली, तुम्ही भाऊबीजेला साडी दिली, मिटलं. त्या दिवशी निबंधक कार्यालयाबाहेर दोघा भावांनी एका टपरीवर चहा घेतला होता. एकमताचा तो शेवटचा प्रसंग. तेवढी आठवण ठेवा, पुरे.

घरात लग्न निघालं तर पत्रिका जरूर पाठवा, पण कुरियरने. निमंत्रकांत त्याचं नाव घालू नका आणि तो आला नाही म्हणून मांडवात चारचौघांना ऐकवा.

आता तब्येत. डॉक्टर विचारतात, ‘‘घरात कुणाला शुगर, हार्टचं काही?’’ ठणकावून ‘नाही’ म्हणा. वडिलांना होती, पण ती म्हातारपणाची. आणि थोरल्याला स्टेंट बसल्याचं भाजीवाल्याकडून कळलंय, म्हणजे ते अधिकृत नाही. खरं तर वडिलोपार्जित इस्टेटीतला हाच एक वाटा मोजणीशिवाय, मुद्रांक शुल्काशिवाय सगळ्यांपर्यंत पोचण्याची शक्यता आहे. यावरचा हक्क बहिणीनेही सोडलेला नाही.

रक्त तपासायचं असेल तर तीन दिवस आधी गोड बंद करा आणि पहाटे फिरायला जा. ओळखीचे चार जण बघतील अशा रस्त्याने. उपाशीपोटीची शुगर बरी आली की येताना जिलबी आणा आणि गोळी बंद करा. ‘एचबीएवनसी’ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी टाळा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांचं उकरून काढते, तीन दिवसांच्या पुण्याला विचारत नाही. साडेसहाच्या वर गेली की डायबेटिस म्हणून मोकळी. असल्या चोंबड्या तपासण्यांपेक्षा कारल्याचा रस बरा. तो निदान काही बोलत नाही. चालताना पायातली चप्पल गळून पडली आणि कळलंच नाही, तर चप्पल बदला. पाय डॉक्टरला दाखवायची काय गरज?

इतकं करूनही समेटाची हौस असेल, तर मुहूर्त जपून निवडा. दहाव्याचा घाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कावळा शिवेना की ‘आम्ही दोघं एक होतो’ असं हात जोडून कबूल करायचं. कावळा शिवला की आपापल्या गाडीत बसायचं.

दुसरा मुहूर्त किडनीचा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात जवळचे नातेवाईक कोण, ते लिहून ठेवलंय : नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. भाऊ बोलता असावा अशी अट त्यात नाही. उलट ज्यांच्यासाठी रोज पहाटे ‘शुभ सकाळ’ची फुलं पाठवता, त्या मित्रांपैकी कुणी पुढे आलाच, तर त्याला आपण निव्वळ आपुलकीपोटी देतोय हे समितीपुढे पटवावं लागतं. म्हणजे सरकारलेखी जवळचा तो बांधापलीकडचाच.

अडचण एकच. त्यालाही शुगर आणि वर स्टेंट, म्हणजे दाता म्हणून तो जवळपास बादच. हे आधी कळलं असतं तर तुम्ही दोघांनीही वेळेत तपासून घेतलं असतं. पण त्यासाठी बोलावं लागतं, आणि आपलं तर ठरलंय.

उरली बहीण. तिची पुन्हा एक सही हवी आहे. या वेळी साडी जरा बरी बघा.