सार्वमताच्या दिवशी चेहरा कसा ठेवावा

समजा, तुम्ही शुक्रवारी, २५ मे २०१८ रोजी डब्लिनमध्ये आहात. कंपनीच्या व्हिसावर आलात, घर भाड्याचं आहे, कुकर पुण्याहून आणलाय. आणि आज या देशात सार्वमत आहे. राज्यघटनेतली आठवी दुरुस्ती ठेवायची की काढायची, म्हणजे गर्भपातावरची जवळजवळ संपूर्ण बंदी चालू ठेवायची की उठवायची, हे आज लोक ठरवणार. सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना मत असतं, तेव्हा तुम्हाला मत नाही. पण तुम्हाला मत आहे. मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवून आपली केवढी सोय केलीय बघा. ज्याच्याकडे पहिलं नसतं, त्याच्याकडे दुसरं पोत्याने असतं.

तर अशा दिवशी कसं वागावं, याबद्दल चार अनुभवाचे शब्द.

सकाळी बाहेर पडताना मुलगा बरोबर असेल तर विजेच्या खांबांकडे बघू नका. तो असणारच, कारण मतदान त्याच्या शाळेत आहे आणि त्याला सुट्टी आहे. खांबावर दोन्ही बाजूंचे फलक एकावर एक, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले. मुलगा सहा वर्षांचा, नुकता वाचायला लागलेला, त्यामुळे दुकानाच्या दारावरचं 'ढकला' सुद्धा मोठ्याने वाचणारा. तो फलकापाशी थांबतो.

"बाबा, हे बाळ कुठे आहे?"

"पोटात."

"कुणाच्या?"

आता तुम्हीही वर बघता. फलकावर गर्भ आहे, चांगला हातभर मोठा, अंगठा तोंडाजवळ. ज्या पोटात तो आहे ते पोट चित्रात नाही. पोटाची मालकीण तर नाहीच नाही. "इलेक्शन आहे रे," असं म्हणा आणि चालू लागा. त्याच्या वरच्या फलकावर करुणा, आरोग्य असे मोठे मोठे शब्द आहेत. ते त्याला अजून वाचता येत नाहीत, हे तुमचं नशीब.

काय घालावं, हाही प्रश्न आहे. काळ्या सुती कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'रिपील', म्हणजे 'रद्द करा', एवढंच लिहिलेला स्वेटशर्ट गेली दोनेक वर्षं सगळीकडे दिसतोय. तो घालायचा असेल तर वर जॅकेट असू द्या. मतदान केंद्रापासून ५० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. तिथे चेन वर ओढायची, पुढे गेल्यावर खाली. तुम्हाला मत नसल्यामुळे केंद्राच्या जवळ जायचं कारण नाही, तरी जॅकेट न्या. डब्लिनमध्ये ते कुठल्याही मतापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

शक्य झालं तर विमानतळावर चक्कर मारा, तिथे डोळे पाणावण्याची उत्तम सोय आहे. परदेशी राहणाऱ्या आयरिश माणसाला सहसा टपालाने मत देता येत नाही. देश सोडून १८ महिने झाले नसतील तर मत आहे, पण ते स्वतः येऊन द्यायचं. म्हणून पोरं-पोरी लंडनहून, अमेरिकेहून, जपानहून स्वखर्चाने आलीत. बाहेर अनोळखी लोक त्यांना मिठ्या मारतायत. तुम्हीही टाळ्या वाजवा, फोटो काढा. फक्त त्यांच्या हातातल्या चाकांच्या छोट्या बॅगांकडे फार वेळ बघू नका.

कारण तशीच बॅग घेऊन उलट्या दिशेने जाणाऱ्यांना निरोप द्यायला कधी कुणी आलं नव्हतं. २०१६ या एका वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेताना आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या बायका ३,२६५. म्हणजे रोज साधारण नऊ. आपल्याकडे 'इंग्लंडला जाऊन आलाय' म्हटलं की स्थळाचा भाव वधारतो. इथे 'इंग्लंडला जाऊन आली' हे वाक्य आवाज खाली घेऊन म्हणतात आणि लगेच चहाचं विचारतात.

आणि हे चोरून चाललं होतं असं समजू नका. १९९२ मध्ये बलात्कारातून दिवस गेलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाण्यापासून सरकारने कोर्टामार्फत अडवलं. देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. मग त्याच वर्षी सार्वमत घेऊन राज्यघटनेतच सोय केली गेली. एका कलमात बंदी, आणि त्याच कलमाला जोडून, बंदी असली तरी परदेशी जायला मुभा. आपल्या सोसायटीच्या नियमावलीत मांसाहाराबद्दल असंच काहीतरी असतं. हे सगळं वाचून तुम्हाला हसू आलं तर येऊ द्या, पण ऑफिसात नको.

ऑफिसात विषय निघालाच तर आयरिश सहकाऱ्यासमोर ताबडतोब भारताचा अभिमान काढा. "आमच्याकडे १९७१ पासून कायदा आहे." हे वाक्य मी स्वतः त्या दिवशी तीन वेळा वापरलं आणि तिन्ही वेळा समोरच्याची भुवई वर गेली. समाधान वाटतं. इथेच थांबा. त्या कायद्याच्या वेळी बाईच्या हक्कापेक्षा लोकसंख्येचीच काळजी जास्त होती, हे सांगायची गरज नाही. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण त्यात फक्त 'विवाहित स्त्री'ला दिलंय, हेही नको. (ती ओळ बदलायला पुढे २०२१ उजाडलं.) आणि गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला हे सांगायचा मोह होईल. आवरा. पहिला कायदा तिथेच का लागला, असा पुढचा प्रश्न येतो.

घरी आपल्या बायकांशी तर या विषयावर बोलूच नका. आमच्याकडे कुणी गर्भपात करत नाही. आमच्याकडे 'क्युरेटिंग' होतं. 'पिशवी साफ' होते. मावशी दोन दिवस माहेरी 'आरामाला' येते. ज्या भाषेत गोष्टीला नावच नाही, तिथे ती कायदेशीर असून कुणाचं काय बिघडलं?

शेजारच्या बाईंना मात्र भेटा. आमच्या शेजारी पंचाहत्तरीच्या एक बाई होत्या. त्या दिवशी दुपारी चारला त्या चर्चला जातानाचा निळा कोट घालून शाळेकडे गेल्या आणि वीस मिनिटांत परत आल्या. मी फाटकाशी मुद्दाम रेंगाळलो होतो. वर्तमानपत्रांच्या हिशेबाने पासष्टीच्या पुढचे लोक 'नको' म्हणणार, म्हणून मी चेहऱ्यावर आधीच सहानुभूती आणून ठेवली होती.

"झालं मतदान?" मी विचारलं.

"झालं. पेन्सिलला टोक नव्हतं."

"गर्दी होती?"

"१९८३ ला जास्त होती. तेव्हा हे होते बरोबर." 'हे' म्हणजे त्यांचे कैलासवासी यजमान. "त्यांनी मला दारातच सांगितलं होतं, फुली कुठे मारायची."

मग कुठे मारली, असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "आज हवा छान आहे." त्या म्हणाल्या, "हो, छान आहे," आणि आत गेल्या. आयर्लंडमध्ये हा संपूर्ण आणि समाधानकारक संवाद मानला जातो. तुम्हीही एवढ्यावरच भागवा.

१९८३ चा उल्लेख आलाच आहे तर एक आकडा खिशात ठेवा. आठवी दुरुस्ती घटनेत घातली गेली तीही सार्वमतानेच. आई आणि पोटातलं मूल यांचा जगण्याचा हक्क समान, असं तीत म्हटलं होतं, आणि बाजूने मतं पडली ६६.९ टक्के. या वेळी ती काढण्याच्या बाजूने पडली ६६.४ टक्के. 'जनतेने कौल दिला' असं कुणी छाती फुगवून म्हणालं की नम्रपणे विचारा, कितव्या वर्षीच्या?

आता व्हॉट्सअ‍ॅप. गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेला तुमचा ग्रुप आज देशाचं भवितव्य ठरवतोय. पंतप्रधान लिओ वराडकर यांचा फोटो आलाच असेल. त्यांचे वडील डॉक्टर, मुंबईहून आलेले, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. "आपला मालवणी माणूस!" असं लिहा, पुढे तीन झेंडे टाका, चौथा मासा. वराडकर स्वतःही डॉक्टर आहेत आणि दुरुस्ती काढा असं म्हणतायत, या तपशिलात शिरू नका. ग्रुपवरच्या ज्येष्ठांना पंतप्रधान हवाय, त्याचा विषय नकोय.

मग कुणीतरी सविता हलप्पनवार यांचं नाव काढील. सांभाळून. ३१ वर्षांची दंतवैद्य, माहेर बेळगावचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, ती गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून मिळाला नाही. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला तिथे ऐकवलं गेलं. आठवडाभरात, २८ ऑक्टोबरला, ती रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेली. ही बातमी जगभर पोचली आणि आजचा दिवस उगवण्यामागे तिचा वाटा मोठा आहे.

तर तुम्ही भावनेच्या भरात लिहाल, "आपल्या बेळगावची मुलगी." दोन मिनिटांनी उत्तर येईल, "बेळगावी म्हणा." तिसरा लिहील, "बेळगावच!" चौथा १९५६ ची राज्यपुनर्रचना काढील, पाचवा महाजन आयोगावरचा लेख टाकील, सहावा ती कन्नड होती की मराठी अशी पृच्छा करील. तुम्ही चहा करून या. परत याल तेव्हा सविता कुठेही नसेल, आणि सीमाप्रश्न ऐन रंगात आलेला असेल.

रेडिओ लावून उपयोग नाही. काल दुपारी दोनपासून नभोवाणी-दूरदर्शनवर या विषयाची चर्चा बंद आहे, मतदान संपेपर्यंत. साऱ्या देशाच्या डोक्यात एकच गोष्ट आणि रेडिओवर भलतंच काहीतरी, अशी ही अवस्था. रात्री दहाला केंद्रं बंद होतात आणि पहिला अंदाज येतो, ६८ टक्के. पाऊण-एक तासाची चुरस धरून बसलेल्यांचा हिरमोड होतो. चेहरा कसा ठेवावा हा प्रश्न इथे खरा येतो. जिंकलेल्यांनी फार आनंद दाखवायचा नाही, हा काही क्रिकेटचा सामना नव्हे, असं त्यांना त्यांच्याच बाजूचे लोक बजावतात. हरलेल्यांनी जनता फसली असं म्हणायचं. तुम्ही कुठल्याच बाजूचे नाही, तेव्हा 'अपेक्षितच होतं' असं म्हणा. सकाळी 'काही सांगता येत नाही' असं म्हणाला होतात हे कुणाच्या लक्षात नसतं. अख्खा देश बदलला, असंही बिनधास्त लिहा. ४० पैकी ३९ मतदारसंघांनी होकार दिला. उरलेलं डोनेगल वायव्येला कोपऱ्यात आहे, तिकडे कोण बघतो.

पुढच्या आठवड्यासाठी एक खास सूचना. एल्फिनच्या बिशपांनी म्हटलंय की होकार दिलेल्या कॅथलिकांनी कन्फेशनला, म्हणजे पाद्र्यापुढे पापाची कबुली द्यायला, जाण्याचा विचार करावा. होकार देणारे १४,२९,९८१. प्रत्येकाला पाच मिनिटं धरा, एकच खिडकी धरा, दिवसरात्र चालू ठेवा. मी हिशेब केला, साडेतेरा वर्षं लागतात. रांगेत जाणार असाल तर डबा न्या.

शनिवारी डब्लिन कॅसलच्या आवारात निकाल जाहीर होतो आणि जमाव सविताच्या नावाचा पुकारा करतो. तिथून चालत पोर्टोबेलोला जा. एका पबशेजारच्या भिंतीवर तिचा भला मोठा चेहरा रंगवलाय, कपाळावर टिकली, त्यावर आडवं 'येस'. लोक येतात, चिकट कागदावर काहीतरी लिहितात, भिंतीला लावतात. सगळ्यात जास्त शब्द आहे 'सॉरी'. (या चिठ्ठ्या पुढे शहराच्या ग्रंथालयाने जपून ठेवल्या. तिच्या वडिलांना नव्या कायद्याला तिचं नाव हवं होतं. त्या कायद्याचं नाव 'आरोग्य (गर्भधारणा समाप्ती नियमन) कायदा, २०१८' असं आहे.)

तुम्हीही लिहा, पेन मात्र घरून न्या, तिथली संपलेली असतात. कागद हातात घेतल्यावर क्षणभर अडखळाल. इंग्रजीत लिहावं तर परकं वाटतं. मराठीत 'माफ कर' लिहावं तर तुम्ही तिचे कोण? कन्नड तुम्हाला येत नाही. मागे एक मुलगी बाळाला कडेवर घेऊन तुमचं संपायची वाट बघत उभी आहे.

तेवढ्यात खिशात फोन थरथरेल. ग्रुपवर ११२ न वाचलेले मेसेज असतील. शेवटचा असेल, "कारवार आणि निपाणीचं काय?"